एमजीबी विकायला काढताना: जाणकार गिऱ्हाईक काय बघतं

इंग्लंडात एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार विकायला काढली की दोन तऱ्हेचे फोन येतात. एक जण विचारतो, "शेवटचं किती?" दुसरा विचारतो, "सिल बदलताना पुढची मडगार्डं काढली होती का?" (सिल म्हणजे दारांखालचा पत्र्याचा जोड.) पहिल्याला गाडी कुणीही विकेल. हा लेख दुसऱ्यासाठीच्या तयारीचा आहे, कारण नीट रिस्टोअर केलेल्या गाडीचे नीट पैसे मोजणारा तोच असतो.

एमजीबी दुर्मिळ नाही, हे आधी पचवायला हवं. १९६२ ते १९८० ती ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती आणि रोडस्टर (उघड्या), जीटी (छपराच्या) सगळ्या धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. बहुतेक अमेरिकेला गेल्या, तरी ब्रिटनमध्ये आजही कधीही बघा, पुष्कळ विक्रीला असतात. सुटे भाग जवळजवळ सगळे नवे मिळतात. १९८८पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज अख्खी बॉडीशेलच नवी बनवून विकते. म्हणजे घेणाऱ्याला घाई नाही, आणि ही गाडी कुठे कुठे सडते हे त्याला तोंडपाठ आहे. चकाकी त्याला चार ठिकाणी मिळते. बंद पत्र्याच्या आत काय केलंय याचा पुरावा मात्र क्वचित कुणी देतं. तुमच्याकडे तो असेल तर जाहिरात, फोटो, किंमत सगळं त्याच्याभोवती उभं करा.

सिल

रोडस्टरला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवरच. वर छप्पर नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं काम मुख्यतः दारांखालच्या दोन सिल करतात. ही सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मधला उभा पडदा आणि तळाला खाचाखाचांची कासल रेल, असा तो पेटीसारखा जोड आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर पेटीत शिरतं, तळाशी चिखलात बसून राहतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर रंगाला फोड दिसतो तोवर आतला पडदा बऱ्याचदा गेलेला असतो.

आणि इथेच चलाखी चालते. सडलेल्या सिलवर नुसता नवा बाहेरचा पत्रा वेल्ड करायचा, लांबी (पुटी) भरायची, रंग मारायचा. सडक्या लाकडावर सनमायका ठोकावा तसं. दोन-तीन वर्षं गाडी झकास दिसते.

खरं काम फार वेगळं असतं आणि जाणकार त्याच्या खुणा शोधतो. पुढचं मडगार्ड बोल्टवर बसतं, ते काढावंच लागतं, कारण बाहेरची सिल मडगार्डाच्या मागून पुढपर्यंत जाते. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं असतं, त्याचा खालचा पुढचा कोपरा कापून सिल आत सरकवावी लागते आणि मग तो कोपरा परत जोडायचा. कापाकापीच्या आधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पाइप तात्पुरता वेल्ड करतात. गाडीचं वजन चारही टोकांना सस्पेन्शनवर ठेवायचं, मध्ये जॅक लावायचा नाही, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. टॅक (तात्पुरते ठिपक्यांचे वेल्ड) मारल्यावर दार लावून फट बघायची, मगच पक्कं वेल्डिंग. हे टाळलं की गाडी मध्यावर बसते आणि दाराची मागची फट वर अरुंद, खाली रुंद होते. एकदा तसं वेल्ड झालं की बिजागऱ्या कितीही हलवा, सुधारत नाही. फट वर-खाली सारखी दिसावी म्हणून दाराच्या कडेला वेल्डिंगचा थर चढवून घासलेल्या गाड्याही बाजारात आहेत. दार उघडून कडेची जाडी बोटाने चाचपणारा माणूस आला तर समजा, त्याला हे ठाऊक आहे.

तेव्हा फोटो असे हवेत. कापण्याआधीची अवस्था, अगदी भोकं पडलेली सुद्धा. बाहेरचा पत्रा काढल्यावर उघडा पडलेला पडदा. चौकटीतले पाइप जागेवर असताना. नवी कासल रेल आणि तिचे वेल्ड. प्रायमर. मेणाची फवारणी. दोन्ही बाजूंचे वेगवेगळे, कारण एकाच बाजूचे फोटो दोनदा दाखवणारे महाभाग आहेत. आणि प्रत्येक टप्प्यात निदान एक फोटो असा हवा, की ज्यात ती गाडी हीच आहे हे कळेल: बॉनेटखालची नंबरपट्टी, किंवा फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावर) राहिलेला मूळ रंग. नुसता राखाडी पत्रा कुठल्याही गाडीचा असू शकतो. फोटो फोनमध्ये ठेवू नका, छापून तारखेच्या क्रमाने फाइलला लावा, आणि ज्या पानावर सिलचे फोटो त्याच पानामागे त्या पत्र्यांची बिलं.

काम आधीच्या मालकाने केलं असेल आणि फोटो नसतील, तर मेण मारायला पाडलेल्या भोकांतून एंडोस्कोप घालून चित्रण करा. साधा, फोनला जोडायचा चालतो. आत स्वच्छ पत्रा आणि मेण दिसलं तर ते चित्रण फोटोंच्या खालोखाल उपयोगी. गंजाची पापुद्री दिसली तर किंमत लावण्याआधी तुम्हाला तरी कळेल.

सिलनंतर नजर ठरलेल्या जागी जाते. पुढच्या मडगार्डाचा मागचा भाग, जिथे आतल्या बाजूला चिखल साठतो आणि बाहेर उभ्या रेषेत फोड येतात. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे हँगर. सीटांमागची बॅटरीची खोकी. १९७४पर्यंतच्या गाड्यांत तिथे ६-६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, आणि ॲसिडने तळ खाल्लेला असतो. बाजूच्या क्रोमपट्टीच्या क्लिपांची भोकं. दाराच्या पत्र्याला तिकोनी काचेच्या मागच्या बुडाशी जाणारी चीर, ही तर एमजीबीची सहीच. चीर वेल्ड करून आतून पट्टी दिली असेल तर सांगा, लांबी भरली असेल तर तेही सांगा, कारण ती परत उघडणारच.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता स्वस्त झालंय आणि बरेच जण खिशात घेऊन येतात. आपणच आधी मोजून ठेवावं. पूर्ण पत्र्यापर्यंत उतरवून नीट रंगवलेल्या गाडीवर साधारण २०० ते ३५० मायक्रॉन येतात. हजाराच्या वर गेलं की खाली लांबी आहे. थोडी लांबी असणं गुन्हा नाही. पन्नास-साठ वर्षांच्या पत्र्यावर ती लागतेच. कुठे आणि किती आहे हे गाडीच्या रेखाचित्रावर आकडे लिहून फाइलला जोडलं, की यंत्र काढून उभा राहिलेला माणूस चार जागा तपासतो, आकडे जुळले की यंत्र खिशात ठेवतो.

नंबर आणि जन्मकुंडली

गाडीच्या नंबरातच बरंच लिहिलेलं असतं. जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे जीटी. पुढचा आकडा ३ असेल तर पहिली पिढी, ४ म्हणजे १९६७च्या अखेरीस आलेली मार्क टू, ५ त्यानंतरची. मागे एल असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची बनली होती. आता स्टिअरिंग उजवीकडे असेल तर ती अमेरिकेहून किंवा युरोपातून परत आणून बदललेली आहे. हे लपत नाही, मग लपवायचं कशाला? उलट अमेरिकेतल्या कोरड्या हवेच्या राज्यातून आलेली शेल कमी सडलेली असते आणि बऱ्याच जणांना ती चालते. फक्त बदल पूर्ण झालाय हे दाखवा: स्टिअरिंग रॅक, पेडल, डॅशबोर्ड, वायपर आणि डावीकडे झुकणारे हेडलाइट. हेडलाइट विसरलेले सर्रास सापडतात.

इंजिनाचा नंबर ब्लॉकला रिव्हेट मारलेल्या पट्टीवर. १८जी आणि १८जीए ही तीन मेन बेअरिंगची इंजिनं, १९६४च्या ऑक्टोबरपासून १८जीबी आलं ते पाच बेअरिंगचं, पुढे १८जीडी, १८जीजी आणि सत्तरच्या दशकात १८व्ही. ४८जी दिसलं तर ते कंपनीने अदलाबदलीत दिलेलं दुरुस्त इंजिन. त्यात वाईट काही नाही, पण मग जाहिरातीत "मूळ इंजिन" लिहू नका.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. कारखान्याच्या नोंदवहीतून त्यात बनल्याची तारीख, इंजिन नंबर, मूळ रंग, आतलं ट्रिम, कुठे पाठवली, कारखान्यातून कुठले जादा भाग लावले, हे सगळं येतं. जाहिरात लिहिण्याआधी ते मागवा. घेणाऱ्याने मागवलं आणि लाल गाडी मूळची फिक्या निळ्या आयरिस ब्लूची निघाली, तर रंगामुळे नाही, पण तुम्ही बोलला नाहीत म्हणून सौदा मोडतो. लाल रंगाने गाडी लवकर विकते हा समज जुना आहे, त्यापायी कितीतरी सुंदर फिक्या निळ्या गाड्या लाल झाल्या. शौकीन मंडळी मूळ रंगाला जास्त मान देतात.

गाडी नव्या हेरिटेज शेलवर बांधली असेल तर शेलचं बिल सोन्यासारखं जपा. नवी शेल मूळ नमुन्याबरहुकूम आहे हे त्यावरून दाखवता येतं.

विकण्याआधी काय दुरुस्त करावं

सगळंच नाही. रंगावर दगडाचे दोन-चार टवके असतील तर राहू द्या, अख्खं पॅनेल पुन्हा रंगवलं की नवा रंग का मारला हा प्रश्न उभा राहतो. हात घालायचा तो चालवताना जाणवणाऱ्या गोष्टींना.

किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्या, पहिले. दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन ग्रीस निपल आहेत आणि दर ३,००० मैलांना ग्रीस लागतं. ते कुणी देत नाही, म्हणून झिजतात. स्प्रिंगच्या वाटीखाली जॅक लावून चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खडखड आली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर व्हील बेअरिंग ढिलं, तशीच राहिली तर किंगपिन. घेणारा हेच करणार आहे.

तारांची चाकं असतील तर स्प्लाइन (हबवरचे दाते) बघा. पुढे घेताना आणि मागे घेताना एकेक 'टक' आवाज येत असेल तर हबचे दाते झिजलेत. चाक काढून दात्यांना ग्रीस लावून आवाज काही दिवस जातो, पण दात्यांची टोकं धारदार झाली असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायला आलेत. एकच बदललं तर जुना भाग नव्याला लवकर खातो. ही गोष्ट खर्चाची आहे, बदलायची नसेल तर किमतीत धरा आणि सांगा. ढकलताना येणारा 'खट्ट' मात्र वेगळा, तो डिफरन्शियलच्या थ्रस्ट वॉशरांचा असतो. थोडा असला तर बहुतेक जण चालवून घेतात.

ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरू देणारा जोड गियर) लागत नाही म्हणून शेकडो पौंड किंमत पाडून मागतात, आणि खोल बिघाड क्वचितच असतो. आधी गियरबॉक्समधलं ऑईल बघा. मग गियरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच, जो तिसऱ्या-चौथ्या गियरलाच करंट जाऊ देतो. मग सोलेनॉइडपर्यंतची वायर, जी गाडीखाली लोंबकळून घासते. या तिन्हींत निम्म्याहून जास्त गाड्या सुटतात. या गियरबॉक्समध्ये २०डब्ल्यू५० इंजिन ऑईलच घाला, डिफरन्शियलचं दाट ऑईल घातलं की ओव्हरड्राइव्ह घसरतो. ऑईल बदलल्याचं बिल असेल तर त्यावर ग्रेड लिहिलेली हवी.

कार्ब्युरेटर दोन, एसयू कंपनीचे. आयडलिंग वरखाली होत असेल तर नीडल आणि मिक्श्चरशी खेळत बसण्याआधी थ्रॉटलचा दांडा हाताने हलवून बघा. बुश झिजले की तिथून हवा ओढली जाते आणि कितीही ट्यून करा, टिकत नाही. गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू होत नसेल तर कार्ब्युरेटरमागची उष्णतारोधक पत्र्याची ढाल आणि जाड स्पेसर जागेवर आहेत का बघा. रिस्टोरेशनमध्ये ते भाग डब्यात पडून राहण्याची उदाहरणं कमी नाहीत.

पेट्रोलच्या नळ्या. सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालं. जुनं रबर इथेनॉलने सुजतं, चिरतं आणि गळतं, आणि एक्झॉस्टच्या बाजूला गळलं तर आग. आर९ दर्जाच्या नळ्या लावून टाका, नळीवर छापलेला दर्जा दिसेल असा फोटो काढा. हेडमध्ये कडक एक्झॉस्ट सीट बसवल्यात का हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कारण २०००पासून शिसेयुक्त पेट्रोल पंपावरून गेलं. मशीन शॉपचं बिल दाखवा. नसेल तर "बसवल्यात म्हणे" असं सांगू नका, "बिल नाही, टॅपेटच्या फटी इतक्या मैलांत बदलल्या नाहीत" हे सांगा. सीट खचत असती तर फटी कमी झाल्या असत्या, जाणकाराला ते कळतं.

टायरवर नक्षी कितीही असो, कडेचा चार आकडी कोड बघितला जातो: ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. दहा वर्षांच्या पुढचे असतील तर बदला, पाच टायरांचा खर्च किमतीत परत मिळतो. पाचवा म्हणजे स्टेपनी. तोच जुनाट राहिलेला सापडतो.

कॉम्प्रेशन मोजून कागदावर लिहून ठेवा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा गेजप्रमाणे थोडा बदलतो, पण चार सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको.

जाहिरात

शौकिनांच्या जाहिरातीत विशेषणं वाया जातात. "अप्रतिम अवस्था" या दोन शब्दांऐवजी हे लिहा: "१९६६ रोडस्टर, जीएचएन३, १८जीबी इंजिन, नंबर सर्टिफिकेटशी जुळतो. ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या-चौथ्यावर चालतो. दोन्ही बाजूंच्या आतल्या, बाहेरच्या सिल, पडदे, कासल रेल बदलल्या, सगळ्याचे फोटो आहेत. पॉझिटिव्ह अर्थ. उणिवा: डाव्या दाराची चीर एकदा वेल्ड केली आहे, हूडच्या (कापडी छपराच्या) मागच्या खिडकीला घडीची रेघ, तेलाचा थेंब पडतो." यात विकणारा कोण आहे तेही कळतं.

पॉझिटिव्ह अर्थ लिहायलाच हवा. मार्क टू येईपर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. नव्या मालकाने सवयीने जंप लीड उलटी लावली किंवा आधुनिक रेडिओ जोडला, तर काहीतरी जळणार. गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतली असेल तर तेही लिहा आणि बॅटरीच्या खोक्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवा.

उणिवांचे फोटो चांगल्या फोटोंइतकेच स्पष्ट काढा. गाडी धुवून लगेच काढू नका, ओल्या रंगावर काहीच दिसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ढगाळ दिवस, कोरडी गाडी, बाजूने तिरपा फोटो. दाराच्या चारही फटी. उचललेल्या गाडीचा तळ, पुढून मागे. गेज दाखवणारा फोटो इंजिन गरम असताना, आयडलिंगला.

कुठे टाकायची? एमजी कार क्लब १९३०चा, एमजी ओनर्स क्लब १९७३चा. क्लबच्या जाहिरातींतून येणारे फोन थोडे असतात पण वेळ खात नाहीत. ऑनलाइन लिलावात कमिशन आणि राखीव किंमत या दोन्ही बाबी आधी लेखी समजून घ्या. चाळीस हजार पौंडांच्या गाड्यांना तिथे गर्दी जमते. एमजीबीसाठी क्लब आणि त्यांचे मेळावे पुरतात, असं माझं मत.

किंमत

पूर्ण रिस्टोरेशनचा खर्च विक्रीतून निघत नाही. नुसत्या नव्या शेलची किंमत जवळजवळ एका चांगल्या चालत्या गाडीएवढी, त्यावर रंग, क्रोम, ट्रिम, इंजिन. बिलांची बेरीज करून त्यावर किंमत ठरवणाऱ्याची गाडी वर्षभर जाहिरातीत दिसत राहते. बिलांचा उपयोग बेरजेसाठी नाही, काम झालंय हे दाखवण्यासाठी.

हॅगर्टी या क्लासिक गाड्यांच्या विमा कंपनीच्या किंमत-मार्गदर्शिकेत गाडीच्या चार श्रेणी आहेत: स्पर्धेच्या तोडीची, उत्कृष्ट, चांगली, बरी. आपली गाडी एक पायरी वरची वाटते, हे प्रत्येक विकणाऱ्याचं होतं. दार, डिकी, बॉनेट उघडून तळाकडून वर बघत जा आणि खालची श्रेणी धरा. क्रोम बंपरच्या रोडस्टरला सप्टेंबर १९७४नंतरच्या रबर बंपरवालीपेक्षा जास्त भाव येतो. रबर बंपरबरोबर गाडी दीड इंच उंच केली, ती वळणावर जास्त झुकते. रबर बंपर काढून क्रोम लावलेली असेल आणि उंची तशीच ठेवली असेल तर दोन्हीकडचे गिऱ्हाईक नाक मुरडतात. ओव्हरड्राइव्हने भाव वाढतो. पाच गियरचा आधुनिक बॉक्स बसवला असेल तर चालवणारे खूश, मूळपणाचे आग्रही नाराज. जुना गियरबॉक्स सोबत देणार असाल तर दोघेही येतात.

बघायला येतात तेव्हा

इंजिन थंड ठेवा. जाणकार आल्याआल्या बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर थंड असताना चालू होत नसणार असं धरून चालतो. ट्रॉली जॅक आणि दोन घोडे (टेकूचे स्टँड) बाहेर काढून ठेवा, गाडीखाली जायला पुठ्ठा. गाडी उचलून दार उघडा-मिटायला स्वतःहून सांगा. चांगल्या सिलवर दार सहज लागतं. असं करून दाखवणारा विकणारा क्वचित भेटतो.

गरम झाल्यावर तेलाचा दाब चालताना ५० पीएसआय किंवा वर, आयडलिंगला १५ ते २५. आयडलिंगला १० दिसलं तर लगेच घाबरायचं कारण नाही, आधी गेज तपासून घ्या. तीन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकच्या मागे सील नाही, तेल परत फिरवणारी आट्यांची खोबण आहे. पार्किंगमध्ये थेंब पडणारच, हे आधी सांगितलं की कुणी वाद घालत नाही.

टेस्ट ड्राइव्हचा विमा हा खरा अडचणीचा मुद्दा. क्लासिक पॉलिसीत बहुधा नाव घातलेले चालकच चालतात, आणि येणाऱ्याची स्वतःची पॉलिसी दुसऱ्याची गाडी चालवायला पुरेलच असं नाही. त्याने एका दिवसाचा तात्पुरता विमा काढून यावं, नाहीतर तुम्ही चालवा, तो शेजारी बसेल. वाटेत एक चढ, एक खराब रस्ता आणि ओव्हरड्राइव्हसाठी मोकळा पट्टा हवा. तिसऱ्या गियरला ॲक्सिलरेटर सोडून गियर सुटतो का, हे त्याला स्वतः बघू द्या.

कागद आणि पैसे

४० वर्षांहून जुन्या आणि मूलभूत बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८पासून ब्रिटनमध्ये एमओटी (रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची वार्षिक) तपासणी सक्तीची नाही. तरी विकताना ती स्वेच्छेने करून घ्याच. फी थोडी, आणि ब्रेक-स्टिअरिंग-गंज यावर त्रयस्थाचा कागद मिळतो. रस्ता कर हिस्टॉरिक वर्गात शून्य असतो, पण शून्य असला तरी नव्या मालकाला तो आपल्या नावाने काढावाच लागतो. तुमचा कर गाडीबरोबर जात नाही. हिरवी चिठ्ठी, म्हणजे व्ही५सीचा (नोंदणीपत्राचा) नव्या धारकाचा भाग, त्याला दिली की तो तिथेच उभा राहून फोनवरून कर भरू शकतो.

व्ही५सीचा फोटो जाहिरातीत किंवा निरोपातून पाठवू नका. त्यावरचा ११ आकडी क्रमांक हातात पडला तर तुमच्या नावावरची गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर करता येते. बघायला आल्यावर कागद दाखवा.

खाजगी विक्रीत घेणाऱ्याने बघून घ्यायचं असतं, पण १९७९च्या सेल ऑफ गुड्स कायद्याप्रमाणे वस्तू वर्णनाशी जुळायला हवी. "जशी आहे तशी" लिहून खोट्या वर्णनातून सुटका होत नाही. म्हणून पावतीवर जाहिरातीतला उणिवांचा परिच्छेद जसाच्या तसा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. रक्कम बँक ट्रान्सफरने, आणि ती आपल्या खात्यात जमा झालेली आपल्याच ॲपमध्ये दिसेपर्यंत किल्ली हातात ठेवा; समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खाजगी मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर ब्रिटनमध्ये लागत नाही. मात्र वर्षाला चार गाड्या रिस्टोअर करून विकायला लागलात तर तो धंदा ठरतो, मग कर आणि ग्राहक कायदा दोन्ही लागू.

मुंबई-पुण्यात टी-मालिकेतल्या जुन्या एमजी आहेत, तिथल्या वाचकांसाठी एवढंच: २०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए. अशी गाडी विकता येते, पण ती रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोज चालवायच्या आशेने घेणाऱ्याला हे आधी सांगा. जुन्या आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवर आहे का हे जाहिरातीआधी पडताळा. साध्या नोंदणीची गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०, परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ची एनओसी. मालकी बदलल्याशिवाय गाडी ट्रकवर चढवू नका.

गाडी देताना एक तास राखून ठेवा. चाकांचे स्पिनर कुठल्या बाजूला कसे फिरतात ते तांब्याच्या हातोडीने करून दाखवा, दोन बाजूंचे आटे उलट असतात. हूड उभारताना आधी काय अडकवायचं, कुठल्या क्रमाने. चोक किती ओढायचा. कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये कुठलं तेल. ग्रीसचे सगळे निपल गाडीखाली टॉर्च मारून. जुने काढलेले मूळ भाग, तुटके असले तरी, खोक्यात भरून द्या, नमुना म्हणून ते लागतात. मग डीव्हीएलएला (ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाला) ऑनलाइन विक्री कळवा, पोच ईमेलवर येते ती जपून ठेवा, आणि विमा त्यानंतरच बंद करा.